उघड्या लोखंडावरचं कुंकू

अविनाशने मला फसवलं. माझा भागीदार अविनाश, मूळ पुण्याचा, माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान, मला काका म्हणणारा. चूक त्याने केली आणि माझ्या डोळ्यांवर ढकलली. गिऱ्हाइकाला सांगितलं, काकांना आता नीट दिसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी ऑक्टोबरबद्दल, ओलीबद्दल, रंगाच्या वासाबद्दल बोलत बसणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारा आठवणींत रमलाय. रमलेलो नाही. दमलोय.

ऑक्टोबर परत आलाय. इंग्लंडात, वॉटफर्डमधल्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तो कॅलेंडरच्या आधी शटरवर येतो. सकाळी कुलूप काढताना पत्रा बोटांना चिकटेल इतका गार लागतो. आत गेलं की छताखाली ओलीचे बारीक थेंब लटकलेले दिसतात. पार्किंगमध्ये पानांचा चिखल झालेला असतो आणि त्याला एक गोडसर, कुजका वास येतो. हीटर लावायचा, चहा करायचा आणि पहिला कप हातात धरून उभं राहायचं, पिण्यापेक्षा हात शेकण्यासाठी जास्त. इतकी वर्षं मी या गारठ्याची वाट पाहायचो. आमच्या धंद्याचा हंगाम याच गारठ्यात सुरू होतो.

इथे हौशी लोकांकडे जुन्या गाड्या असतात. उन्हाळाभर ते त्या मैदानांवरच्या मेळाव्यांत नेऊन उभ्या करतात, बॉनेट उघडून एकमेकांना दाखवतात. ऑक्टोबर आला की गाडी गॅरेजमध्ये झोपवायची आणि तिचे भाग एकेक करून दुरुस्तीला काढायचे. त्यातला एक भाग माझ्याकडे येतो, तो म्हणजे हेडर. इंजिनातून जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा घोस. इंजिनाच्या तोंडाशी चार नळ्या सुट्या असतात, खाली वळत जाऊन एकत्र होतात, केळ्यांच्या फणीसारख्या. गाडीत एवढी आच दुसरं कुणी सोसत नाही. साधा रंग तिथे दोन मिनिटांत जळून जातो. त्यासाठी उष्णता सोसणारा वेगळा रंग मिळतो, स्प्रेच्या कॅनमध्ये. कॅन कुणीही विकत घेऊ शकतं. तो मारायचा कसा, हे कॅनच्या पाठीवर छापलेलं असतं आणि तरीही दहातल्या नऊ जणांचा रंग पहिल्या महिन्यात पापुद्र्यांनी सुटतो.

कारण लोकांना रंग मारायची घाई असते. खरं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आधी नळीवरचा सगळा गंज, सगळा जुना रंग काढायचा, काचेच्या बारीक भुकटीचा मारा करून. नळी राखाडी, कोरडी, खरखरीत दिसायला लागते, दोन दिवस दाढी न केलेल्या गालासारखी. त्या क्षणापासून तिला उघड्या हाताने शिवायचं नाही. माणसाच्या बोटाला तेल असतं, ते लोखंड पिऊन टाकतं. मग थिनरने पुसायचं. मग कॅन हलवायचा, आतली गोळी टकटक वाजत राहिली पाहिजे, आपण कंटाळलो की त्याहून थोडा जास्त वेळ. पहिला हात इतका पातळ की खालचं लोखंड दिसत राहावं. थांबायचं. दुसरा. थांबायचं. तिसरा. आणि नंतर आच. आधी मंद, मग गार होऊ द्यायचं. मग मध्यम, परत गार. मग जेवढी चढेल तेवढी. तीनदा तापून तीनदा निवल्याशिवाय हा रंग पक्का होत नाही. पहिल्या आचेला पांढरा धूर निघतो, त्याला कडवट वास असतो. माझ्या बायकोने, सुनंदाने, बारा वर्षं तो वास माझ्या शर्टांतून काढला. ती म्हणते, “तुम्हाला मी अंधारात वासावरनं ओळखीन.”

मला हे कुणी कागदावर शिकवलं नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात मी सोळाव्या वर्षी एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. तिथे रंग कमी आणि वेल्डिंग जास्त होतं, पण मिस्त्रींनी एक गोष्ट हाताला लावली, की कामाला आपला वेळ द्यायचा, आपली सोय बघायची नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दुकान धुऊन काढायचो. पाने, हातोडे, वेल्डिंगचं मशीन, सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. एकदा मी उत्साहात एका गिऱ्हाइकाच्या शाफ्टलाही कुंकू लावलं. मिस्त्री ओरडले नाहीत. फडक्याने तो शाफ्ट पुसला आणि म्हणाले, “पूजा आपल्या हत्याराची. दुसऱ्याचा माल आपल्याकडे मुक्कामाला आलाय. पाहुण्याला आपण आपल्या देवासमोर बसवत नाही.”

इंग्लंडला आलो तेव्हा माझ्याकडे ही एवढीच विद्या होती. बसच्या डेपोत झाडू मारला, एका गॅरेजमध्ये सायलेन्सर बदलले, मग या इस्टेटमधला गाळा, हे युनिट घेतलं. घासाघीस मला लहानपणापासून येते, त्याची लाज नाही. आच द्यायला ओव्हन हवा होता, नवा परवडणारा नव्हता. एक रेस्टॉरंट बंद पडत होतं, त्यांचा भलामोठा ओव्हन विकायला काढला होता. मी हेडर काखेत मारून गेलो, दार उघडून तो आत बसतो का पाहिलं. मालक पंजाबी. म्हणाला, “भाईसाब, इसमें पकाओगे क्या?” मी म्हटलं, “लोहा.” तो इतका हसला की किंमत तिथेच अर्ध्यावर आली, उरलेली मी चहा पिता पिता उतरवली. पहिलं वर्षभर त्या ओव्हनमधून निघालेल्या प्रत्येक हेडरला लसणाचा वास यायचा. ग्रॅहम नावाचा माझा एक गिऱ्हाईक, शाळामास्तर, आता निवृत्त, नळ्या नाकाशी धरून विचारायचा, “सदा, यात नान लावलास की काय?”

ग्रॅहम बारा वर्षं माझ्याकडे येतो. त्याच्याकडे तीन जुन्या गाड्या आहेत आणि तिन्हींचे हेडर माझ्या हातचे. तो हेडर ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणायचा, दुपट्यातल्या बाळासारखा, आणि माझ्या बाकावर ठेवताना हात काढून घ्यायला एक क्षण उशीर करायचा. मला त्याच्या त्या क्षणाचा अभिमान होता. या देशात माझ्या नावापुढे पदवी नाही, माझं इंग्रजी अजून फोनवर लोकांना दोनदा विचारायला लावतं. पण बारा वर्षं एका मास्तराने आपली वस्तू माझ्याकडे ठेवली आणि कधी विचारलं नाही की नीट करशील ना.

अविनाश आला तो गिऱ्हाईक म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये होता, क्रॉयडनला ऑफिस, रोज ट्रेन बदलत जायचा. एक जुनी गाडी घेऊन ठेवली होती, तिचा हेडर घेऊन आला आणि दिवसभर बसून राहिला. पुढच्या शनिवारी परत आला, काम नसताना. “काका, मला शिकवाल का?” मला पोरगा हुशार वाटला. होताही. दोन वर्षांत त्याने ऑफिस सोडलं, माझा भागीदार झाला, वेबसाइट काढली, फोटो टाकायला लागला. मी भांडकुदळ आहे, लोकांशी बोलताना माझा आवाज चढतो. त्याचा चढत नाही. पुढे तो, मागे मी, असं जमलं. चांगलं जमलं होतं, हेही लिहिलं पाहिजे.

गेल्या ऑक्टोबरात ग्रॅहमचा हेडर मी गुरुवारी भुकटी मारून साफ केला. त्याच संध्याकाळी रंगवायचा होता. एवढ्यात कार्डिफहून मुलीचा फोन आला. शर्मिला तिथे हॉस्पिटलमध्ये काम करते, घर बदलत होती आणि तिची कंबर धरली होती. गेलो. जाण्याआधी हेडर स्वच्छ कागदात गुंडाळला, हीटर मंद ठेवला. साफ केलेलं लोखंड या हवेत दोन दिवस ठेवायचं नसतं, हे मला माहीत होतं. मुलगी रडत होती, तेही माहीत होतं. शनिवारी दसरा होता. मी तो कार्डिफमध्ये खोकी उचलण्यात घालवला.

सोमवारी परतलो, कागद उलगडला. नळ्यांच्या तोंडाशी, प्रत्येक नळीवर, किंचित लालसर झाक दिसली. मला वाटलं, गंज धरायला लागलाय. दोन दिवस ठेवलं की धरतोच. बारीक सँडपेपर फिरवला, पुसलं, रंगवलं, ओव्हनमध्ये तीनदा आच दिली. ओव्हनमधून काळा, एकसारखा, सुंदर हेडर निघाला. ग्रॅहम घेऊन गेला.

नोव्हेंबरात तो परत आला. मी भुकटी मारायच्या मोठ्या पेटीमागे खाली बसून नळी साफ करत होतो, मशीन बंद होतं, मी पुढून दिसत नव्हतो. ग्रॅहमने ब्लँकेट उलगडल्याचा आवाज आला. इंजिनाची आच ओव्हनहून कितीतरी जास्त असते. तिथे रंग सुटला होता.

ग्रॅहम म्हणाला, “त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं.”

अविनाश हळू आवाजात म्हणाला, “आय नो. काका इज गेटिंग ऑन. द आइज, यू सी. त्याला सांगवत नाही आम्हाला.”

मी उठलो. हातातला तारेचा ब्रश भिंतीवर फेकला. काय बोललो ते मराठीत होतं आणि मोठ्याने होतं. ग्रॅहमला शब्द कळले नाहीत, आवाज कळला. तो माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “नो हार्ड फीलिंग्ज, सदा. आपल्या वयात हे होतंच.” त्याचा स्वर इतका मऊ होता की मला तो सहन झाला नाही. माझा राग आयुष्यभर माझ्या उपयोगी पडला, सौद्यात, भांडणात, कौन्सिलच्या माणसासमोर. त्या दिवशी तो माझ्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला. रागावलेला म्हातारा कुणाला खरा वाटत नाही.

ते गेल्यावर मी हेडर खिडकीपाशी नेला. रंग चार ठिकाणी सुटला होता. चार नळ्या, प्रत्येकीवर एकच डाग, गोल, बोटाच्या पेराएवढा, आणि चारही एका ओळीत. डोळे गेलेल्या माणसाची चूक अशी ओळीत येत नाही. ती ओघळते, जाड होते, कोपऱ्यात राहून जाते. हे डाग मोजून लावल्यासारखे होते. पण ते कशाचे, हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

हिवाळा वाईट गेला. शर्मिलाला कुणी सांगितलं कोण जाणे, ती फोनवर तिच्या इथे वाढलेल्या, मोडक्या मराठीत एकच धोशा लावायची, “बाबा, तुझा डोळे चेक केला का? प्लीज कर ना. मी अपॉइंटमेंट बुक करते.” गेलो. चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यात हवेची फुंकर मारली, अक्षरं वाचायला लावली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, म्हणाली, अगदी सुरुवात, वर्षाने परत या. घरी येताना मी बसच्या खिडकीतून पाट्या वाचत आलो. डावा डोळा झाकून, मग उजवा झाकून. सगळ्या वाचता येत होत्या. तरी मी पुढच्या स्टॉपपर्यंत परत वाचल्या. खोटं बोलणारा कधी कधी अगदी थोडं खरं त्यात मिसळतो आणि मग ते धुऊन निघत नाही. सुनंदा म्हणाली, “अहो, डोळ्यांचं काय घेऊन बसलात? मला तर तुमचे कानच गेल्यासारखे वाटतात, जेवायला चारदा हाक मारली.” मला हसू आलं नाही. आता लिहिताना येतंय.

ख्रिसमसला शर्मिला घरी आली. सोफ्यावर पाय घेऊन फोन बघत होती. म्हणाली, “बाबा, तुमच्या वेबसाइटवर हा दसराचा फोटो किती ब्युटिफुल आहे! तू मला का नाही दाखवला?” मी चष्मा लावला. पाटावर लाल कापड, झेंडूची फुलं, आमचे पाने, स्प्रेची गन. आणि मधोमध, सगळ्यात पुढे, उघडा, राखाडी, रंग न लावलेला ग्रॅहमचा हेडर. चारही नळ्यांवर एकेक कुंकवाचा टिळा. एका ओळीत.

मी फोन तिच्या हातातून ओढून घेतला. शर्मिला घाबरली, पाणी आणायला उठली. मला आठवत होती ती सोमवारची लालसर झाक. मी ती पाहिली होती. माझ्या या डोळ्यांनी, गारठ्यात, ट्यूबलाइटच्या उजेडात, रंगाखाली जाण्याआधी पाहिली होती. तिचं नाव तेवढं चुकीचं ठेवलं.

जानेवारीत युनिट उघडल्यावर मी अविनाशला विचारलं. आवाज चढवला नाही. तसं ठरवूनच गेलो होतो.

“हेडरला कुंकू तू लावलंस?”

“काका, दसरा होता ना. तुम्ही नव्हतात. म्हटलं, नुसते पाने काय दिसणार फोटोत?”

“कुंकू लोखंडावर धरलं कसं?”

“धरत नव्हतं. मग खोबरेलात कालवलं थोडं. पण मी पुसलं होतं, काका. लगेच पुसलं, हेडर परत कागदात गुंडाळला.”

“कशाने?”

“वेट वाइपने.”

खोबरेल तेल, आणि त्यावर बाळाची ढुंगणं पुसायचा मलमी कागद. उघड्या लोखंडावर. मी या माणसाला दोन वर्षं शिकवलं होतं की नळीला बोट लावायचं नाही. पण मला त्याचा राग आला नाही, खरंच नाही. त्याने भक्तीने केलं असेल, फोटोसाठी केलं असेल, दोन्हीसाठी केलं असेल. घरापासून इतक्या लांब सण साजरा करताना माणूस जरा जास्तच सजवतो, मीही सजवलंय. कोल्हापुरात मीही तेच केलं होतं, आणि माझ्या मिस्त्रींनी तो शाफ्ट पुसला होता. चूक चालते. मी विचारलं ते पुढचं.

“ग्रॅहम आला तेव्हा तुला कळलं होतं हे कशाने झालं ते?”

तो हीटरचं बटण फिरवायला लागला.

“आता सांगून काय होणार, काका? तुम्ही तसंही हळूहळू कमी करणारच होतात ना.”

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवरून तो फोटो गेला. ग्रॅहमला दाखवायला माझ्याकडे तेवढा एकच पुरावा होता.

मी स्वतः ग्रॅहमला फोन केला. सगळं सांगितलं, कुंकू, तेल, दसरा. माझं इंग्रजी धावायला लागलं की अडखळतं. तो ऐकत होता. “ऑफ कोर्स, सदा,” म्हणाला. “ऑफ कोर्स.” शाळेत एखाद्या मुलाने गृहपाठ कुत्र्याने खाल्ला असं सांगितल्यावर तो त्याच स्वरात बोलत असणार. मला कळलं की माझ्या तोंडून हे कधीच खरं ठरणार नाही. आपल्या डोळ्यांची ग्वाही आपण देऊ शकत नाही.

आता परत तोच महिना आहे. ब्लँकेटमध्ये गुंडाळलेले हेडर यायला लागलेत. मी ते साफ करतो. रंग अविनाश मारतो. तसं कुणी ठरवलं नाही, हळूहळू झालं. गिऱ्हाईक पुढे विचारतं, “तूच करणार ना?” आणि तो हो म्हणतो. त्याचा हात चांगला आहे, माझाच आहे. कॅनमधल्या गोळीची टकटक मला मागे ऐकू येते आणि माझं मनगट आपोआप हलतं. दुपारी पहिल्या आचेचा धूर निघतो. सुनंदा म्हणते, शर्टांना आता पूर्वीसारखा वास येत नाही. ती चांगल्या अर्थाने म्हणते.

युनिट सोडून द्यावं असं रोज वाटतं. मी दमलोय, हे सुरुवातीलाच सांगितलं. पण असं सोडलं तर माझ्यामागे काय राहील? बारा वर्षं नीट काम केलेला माणूस, की शेवटी ज्याला दिसेनासं झालं तो? माझे हात थांबवायचे असतील तर मी थांबवीन, माझ्या तारखेला. खोट्या कारणाने मला कुणी थांबवायचं नाही.

आणि माझ्या वाट्याचं मी लपवत नाही. साफ केलेला हेडर चार दिवस ठेवला, ते मी. लालसर झाक दिसली तेव्हा थांबून वास घेतला असता तर खोबरेल कळलं असतं, नाही घेतला, ते मी. थिनरने दोनदा पुसायचं असतं. प्रवासाने अंग मोडलं होतं, एकदाच पुसलं, तेही मी. ग्रॅहमला मी हे तिन्ही सांगितलं आहे आणि परत सांगेन.

शुक्रवारी अकरा वाजता ग्रॅहम त्याच्या दुसऱ्या गाडीचा हेडर घेऊन येणार आहे. तू पुढे उभा असशील, अविनाश, आणि मी या वेळी पेटीमागे बसणार नाही, तुझ्या शेजारी उभा राहीन. त्याने ब्लँकेट उलगडायच्या आत तू त्याला सांगायचंस, तुझ्या त्या चांगल्या इंग्रजीत, की कुंकू कुणी लावलं, ते कशात कालवलं होतं, आणि तुला ते कळल्यावर तू त्याला काय सांगितलंस. मला काका म्हणतोस ना? मग त्याच्या डोळ्याला डोळा देऊन सांग. मी ओरडणार नाही. उत्तर तू द्यायचंस.